नोराच्या घरातली पत्रपेटी

अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात इब्सेनच्या 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' या नाटकाचा उतारा आहे. तो शिकवून झाला आणि तासाची पंधरा मिनिटं उरली. मी सवयीने विचारलं, "काही शंका?" शंका कुणालाच नव्हती. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ह्या लेखकाचं सगळ्यात गाजलेलं नाटक हेच का?" मी म्हटलं, नाही गं, ते वेगळंच. त्यात एक बाई शेवटी घराबाहेर पडते आणि दार लावून घेते. त्या दाराचा आवाज सगळ्या युरोपात ऐकू गेला म्हणतात.

झालं. "मॅडम, सांगा ना स्टोरी." पंधरा मिनिटांत ती संपणार नव्हतीच. पुढचे दोन ऑफ तास मी त्यांना 'अ डॉल्स हाउस' सांगितलं. परीक्षेला नाही म्हटल्यावर मुलं किती मन लावून ऐकतात, हे शिक्षकमित्रांना वेगळं सांगायला नको.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नाटक १८७९ चं, नॉर्वेतलं. नाताळचा आदला दिवस. नोरा खरेदी करून घरी येते. नवरा टोर्वाल्ड हेल्मर वकील, नवीन वर्षापासून बँकेचा मॅनेजर होणार, म्हणून घरात आनंद आहे. नोरा खिशातून मॅकरून काढून गुपचूप खाते आणि तोंड पुसते, कारण दात किडतील म्हणून नवऱ्याने गोड खायला बंदी केलेली आहे. तीन मुलांची आई, लग्नाला आठ वर्षं झालेली, आणि खाऊ चोरून खाते. इथे वर्ग हसला. नवरा तिला लाडाने चंडोल म्हणतो, खारूताई म्हणतो, उधळी म्हणतो. ती पैसे मागते, तो थोडं लेक्चर देतो आणि मग पाकीट उघडतो.

पण नोराचं एक गुपित आहे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत टोर्वाल्ड खूप आजारी होता. दक्षिणेकडच्या उबदार हवेत नेलं नाही तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिने ४,८०० क्रोनर कर्ज काढून त्याला वर्षभर इटलीला नेलं आणि सगळ्यांना सांगितलं की पैसे माझ्या वडिलांनी दिले. त्या काळात बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नसे. म्हणून हमीपत्रावर वडिलांची सही हवी होती. वडील मरणपंथाला लागलेले. नोराने सही स्वतःच ठोकली. तारीख घातली २ ऑक्टोबर. वडील वारले होते २९ सप्टेंबरला.

तेव्हापासून ती हप्ते फेडतेय. घरखर्चातून, स्वतःच्या कपड्यांच्या पैशातून वाचवून. एका हिवाळ्यात तर तिने नकला करून देण्याचं काम घेतलं आणि रात्ररात्र खोलीचं दार लावून लिहीत बसली. घरच्यांना वाटलं, बाई नाताळच्या झाडासाठी सजावट करतेय. ती मैत्रिणीला सांगते की थकायची फार, पण तसं बसून काम करण्यात, पैसे मिळवण्यात मजाही यायची. आपण जणू पुरुषच आहोत असं वाटायचं.

हे सांगताना मला आईचा तुरीच्या डाळीचा डबा आठवला.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा घरोघरच्या बायकांची गुपितं बाहेर पडली. कुणाची तांदळाच्या डब्यातून, कुणाची गादीखालून, कुणाची जुन्या शालूच्या घडीतून. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डाळीच्या डब्यात हात घातला आणि रुमालाची एक पुरचुंडी बाबांसमोर ठेवली. चौदा हजार, सगळ्या पाचशेच्या नोटा, डाळीच्या पिठाने पिवळट झालेल्या. बाबा बघतच राहिले. "अगं, इतके? माझ्यापासून लपवून?" आई म्हणाली, "अहो, तुमच्याच दुखण्याखुपण्याला झाले असते." बाबा हसले, पण मनातून लागलं त्यांना. दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आई शेजारपाजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. आम्हाला वाटायचं, वेळ जावा म्हणून. त्या दिवशी बोलता बोलता अजून एक गोष्ट निघाली. माझ्या बी.एड.ची फी मामाने भरली, असं घरात वीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं. मामाने भरली नव्हतीच. ती ह्याच डब्यातून गेली होती. बाबांचा बी.एड.ला विरोध होता असं नाही, पण 'पुढच्या वर्षी बघू' चाललं होतं आणि माझ्यासाठी स्थळंही बघणं चालू होतं. आईने मामाला विश्वासात घेतलं, पैसे त्याच्या हाती दिले आणि त्याने ते आणून बाबांसमोर ठेवले. नोराने वडिलांचं नाव सांगितलं, आईने भावाचं. कुणा पुरुषाचं नाव पुढे केल्याशिवाय बाईचा पैसा घरात खरा होत नव्हता, ना तिकडे, ना इकडे.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मुली जोरजोरात माना हलवत होत्या. त्यांच्याही घरात डबे असणार.

सांगताना एक गंमत झाली. मी नाटक मराठीत सांगत होते, त्यामुळे नोराच्या तोंडी आपोआप 'अहो' येत होतं. "अहो, बघा ना मी काय आणलंय!" आणि टोर्वाल्डच्या तोंडी 'अगं', 'तू'. तीच दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पुस्तकात पण ती त्याला अहोच म्हणते का?" मी थबकले. इंग्रजी भाषांतरात सगळे 'यू'. पण मूळ नॉर्वेजियनमध्ये आपल्यासारखाच भेद आहे, आणि नोरा-टोर्वाल्ड एकमेकांना एकेरीच हाक मारतात. म्हणजे ते 'अहो' इब्सेनचं नव्हतं, माझं होतं. माझ्या घरचं. नुसत्या भाषांतरात मी नोराला एक पायरी खाली उतरवून ठेवलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

गंमत म्हणजे ह्या एकेरी-आदरार्थीवर नाटकात एक महत्त्वाची गोष्ट अडलेली आहे. ज्याच्याकडून नोराने कर्ज घेतलं तो क्रोगस्टाड टोर्वाल्डच्याच बँकेत नोकरीला आहे. पूर्वीच्या ओळखीमुळे तो टोर्वाल्डला चारचौघांत 'तू' म्हणतो. त्याला नोकरीवरून काढायचं एक कारण हे! मॅनेजरसाहेबांना अरेतुरे सहन होत नाही. नोरा म्हणते की हे फार कोत्या मनाचं कारण झालं, आणि टोर्वाल्ड इतका दुखावतो की बडतर्फीचं पत्र त्याच क्षणी पाठवून देतो. मुलांना हा प्रसंग लगेच समजला. हाक हा मानाचा प्रश्न असतो हे आपल्याकडे सांगावं लागत नाही.

नोकरी गेल्यावर क्रोगस्टाड सगळं उघड करणारं पत्र लिहून हेल्मरांच्या घरच्या पत्रपेटीत टाकतो. पत्रपेटी काचेची आहे. पत्र आत दिसतंय, पण नोरा ते काढू शकत नाही, कारण पेटीची किल्ली फक्त टोर्वाल्डकडे असते. घर तिचं, पेटी घराची, आणि किल्ली त्याच्या खिशात. ती केसातल्या आकड्याने कुलूप उघडायचा प्रयत्न करते. पुढे टोर्वाल्डला कुलपात मोडका आकडा सापडतो तेव्हा ती म्हणते, मुलांनी काहीतरी केलं असेल. हा आकडा मला सगळ्या नाटकात फार आवडतो. त्यावर कुणी फारसं बोलत नाही. सगळे शेवटच्या दाराबद्दल बोलतात.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "पण मॅडम, तो तिच्यावर प्रेम तर करतोच ना? किती लाडाने बोलतो." प्रश्न खोचक नव्हता, त्याला खरंच पडला होता. मी म्हटलं, करतो. त्याच्या मते तो जीव टाकतो तिच्यावर. तिच्यावर मोठं संकट यावं आणि आपण तिच्यासाठी सर्वस्व पणाला लावावं अशी स्वप्नं तो बघत असतो, तसं बोलूनही दाखवतो. आणि पाच-दहा मिनिटांत ते संकट येतं. तो पत्र वाचतो आणि पहिला विचार करतो स्वतःच्या अब्रूचा. खोटारडी, गुन्हेगार, बापाच्या वळणावर गेलेली, मुलांना आता हिच्या हातात द्यायचं नाही. वरून लोकांना दाखवायला घरात राहायचं. मग क्रोगस्टाडचं दुसरं पत्र येतं, हमीपत्र परत केलेलं. टोर्वाल्ड आनंदाने ओरडतो की मी वाचलो. नोरा विचारते, आणि मी? तो म्हणतो, अर्थात, तूही. आणि लगेच तिला माफ करतो, पुन्हा चंडोल, पुन्हा पंखाखाली.

मी त्या मुलाला म्हटलं, तू ठरव आता. तो काही बोलला नाही. मलाही त्याच्याकडून उत्तर नको होतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. नोरा नाचाचा वेश उतरवून रोजचे कपडे घालते, नवऱ्याला टेबलाशी बसवते आणि आठ वर्षांत पहिल्यांदा दोघं गंभीरपणे बोलतात. मग अंगठी परत, किल्ल्या परत, आणि ती जाते. मुलांना ठेवून.

इथे वर्गाचे दोन तट पडले, पडणारच होते. "मुलांचा काय दोष?" हे मुलांपेक्षा मुलीच जास्त विचारत होत्या. मी त्यांना सांगितलं की हा प्रश्न तेव्हाही आला होता. जर्मनीत नोराचं काम करणारी हेडविग निमान-राबे ही नामवंत अभिनेत्री अडून बसली, मी माझ्या मुलांना कधी सोडून गेले नसते, मी हा शेवट करणार नाही. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने वेगळा शेवट लिहून दिला. त्यात टोर्वाल्ड तिला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच खाली कोसळते. पडदा. स्वतः इब्सेन त्याला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हणत असे. प्रत्यक्षातली नोरा त्याच्या ओळखीची होती. लॉरा कीलर नावाची लेखिका. तिनेही क्षयाने आजारी नवऱ्यासाठी गुपचूप कर्ज काढलं, फेडता येईना तेव्हा खोटा कागद केला. कळल्यावर नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. ती पुढे बाहेर आली आणि मुलांसाठी त्याच घरात परतली. नाटकात दार लागलं, खऱ्या आयुष्यात उघडावं लागलं.

"आणि आपल्याकडे तेव्हा काय होतं?" असं विचारलं कुणीतरी. आपल्याकडे नाटक संपून आठ वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८७ मध्ये, मुंबईच्या कोर्टाने रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. ही काल्पनिक गोष्ट नाही, म्हणून इथे फार लांबवत नाही, पण मुलांना सांगायलाच हवी होती.

मग सगळ्यात चांगला प्रश्न आला. पुन्हा दुसऱ्या बाकावरून. "मॅडम, पण ती त्या रात्री झोपली कुठे?"

इतकी वर्षं मी हे नाटक वाचतेय, वाढवून सांगतेय, स्नेहसंमेलनात त्यावर भाषणही ठोकलंय. हा प्रश्न मला पडला नव्हता. उत्तर मात्र नाटकात आहे. नोरा सांगते की आज रात्री मी क्रिस्टीनकडे जाते आणि उद्या माझ्या गावी.

क्रिस्टीन म्हणजे तीच मैत्रीण. तिच्याबद्दल मी वर्गात जवळजवळ काही सांगितलं नव्हतं, दुय्यम पात्र म्हणून. पण तिची गोष्ट नोराच्या बरोबर उलटी आहे. आजारी आई आणि दोन लहान भाऊ, म्हणून तिने प्रेम होतं त्या माणसाला सोडून पैसेवाल्याशी लग्न केलं. तो माणूस म्हणजे हाच क्रोगस्टाड. नवरा मेला, मागे काही उरलं नाही. तिने छोटं दुकान चालवलं, छोटी शाळा चालवली, मिळेल ते काम केलं. आता आई गेली, भाऊ हाताशी आले आणि तिला रिकामं रिकामं वाटतं. नाटकात ती क्रोगस्टाडकडे जाते आणि स्वतःहून विचारते, आपण एकत्र येऊया का? मला कुणासाठी तरी राबायचंय, तुझ्या मुलांना आई हवीय. सगळं उघड्यावर, काही न लपवता. तिची नोकरी म्हणजे त्याचीच गेलेली नोकरी, हेही दोघांना ठाऊक आहे. शंभर लाडिक हाका मारणाऱ्या टोर्वाल्डपेक्षा ह्या दोघांचं रूक्ष बोलणं मला जास्त प्रेमाचं वाटतं. एकजण नवऱ्याला सोडून जाते आणि तिची मैत्रीण त्याच रात्री संसार मांडायला निघते, आणि दोघीही बरोबर असतात. बाई स्वतंत्र म्हणजे एकटी, असं इब्सेन म्हणत नाही. हे माझं मत. परीक्षेत लिहायचं असेल तर जपून लिहा.

"म्हणजे मॅडम, तिची कमावणारी मैत्रीण होती म्हणून तिला जाता आलं," ती मुलगी म्हणाली.

मला लू शून आठवला. ह्या चिनी लेखकाने १९२३ मध्ये बीजिंगमध्ये शिकणाऱ्या मुलींसमोर भाषण दिलं, विषय होता नोरा घर सोडून गेल्यावर पुढे काय होतं. टाळ्या मिळवणारं तो काही बोलला नाही. त्याचं म्हणणं असं की जागं झालेलं मन सोडलं तर तिच्याजवळ दुसरं काय होतं? पैसे नसतील तर एक तर ती वाईट मार्गाला लागेल, नाहीतर परत येईल. स्वप्नं ठीक आहेत, पण पर्समध्ये पैसे हवेत. खुद्द नॉर्वेतही १८८८ साली कायदा झाला तेव्हा कुठे विवाहित बाई सज्ञान ठरली आणि तिच्या कमाईवर तिचा हक्क आला. आपल्याकडे अनंत काणेकरांनी 'घरकुल' नावाने हे नाटक मराठीत आणलं, रांगणेकरांच्या १९४२ च्या 'कुलवधू'वरही त्याची सावली आहे. त्यातली ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी रंगवलेली भानुमती तर कमावती नटी. मी हे सगळं रंगात येऊन सांगत होते. आर्थिक स्वातंत्र्य वगैरे शब्द वापरले. फळ्यावर लिहिलेसुद्धा.

तेवढ्यात शिपाईमामा वही घेऊन आले. बारावीच्या निरोप समारंभाची वर्गणी, शिक्षकांकडून पाचशे. मी पर्स उघडली, दीडशे निघाले. म्हटलं, "मामा, उद्या देते हं. घरी ह्यांच्याकडून घेऊन येते."

वही मिटली, मामा गेले. मी वळले. दुसऱ्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. नुसती बघत होती, आणि माझ्या मागे फळ्यावर ते दोन शब्द.

खरं सांगते, माझं एटीएम कार्ड लग्नानंतर पहिल्या वर्षापासून ह्यांच्या पाकिटात आहे. कुणी हिसकावलं नाही. तेव्हा कॉलेजजवळ एटीएम नव्हतं, ह्यांच्या ऑफिसखाली होतं, एवढंच कारण. नंतर कॉलेजच्या गेटसमोर दोन एटीएम झाली, पण कार्ड तिथेच राहिलं. हे अत्यंत सज्जन आहेत. पैसे मागितले आणि दिले नाहीत असं एकदाही झालेलं नाही. पण मागितले, हे मात्र दर वेळी झालंय. आईने डाळीच्या डब्यातून ज्या पगारासाठी मला शिकवलं, तो पगार मी डब्यातसुद्धा ठेवला नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर म्हटलं, "अहो, माझं कार्ड द्या ना."

"किती हवेत?" ह्यांनी पाकीट काढलं.

"पैसे नकोत. कार्ड."

"का? काय झालं?" आणि मग थोडं थांबून, "मी तुला कधी नाही म्हटलंय का?"

नव्हतंच म्हटलं. काय उत्तर देणार? म्हटलं, "नाही हो. वर्गात एक नाटक शिकवलं." हे वेड्यासारखे माझ्याकडे बघत राहिले, पण कार्ड दिलं. रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू होता. बाबा आठवले, दोन दिवस नीट न जेवणारे. तेव्हा मला वाटलं होतं, चौदा हजारांचं एवढं काय लावून घ्यायचं? आता वाटतं, लागलं असेल ते पैशांचं नसणार.

सकाळी कॉलेजला जाताना गेटसमोरच्या एटीएममध्ये गेले. कार्ड घातलं. मशीनने पिन विचारला. मला पिन माहीत नव्हता! मागे दोघंजण उभे. ह्यांना फोन लावला.

"अगं, आपल्या लग्नाची तारीख," हे म्हणाले. आवाजात रात्रीचा रुसवा थोडा शिल्लक होता.

पाचशे काढले. मशीनने पावती हवी का विचारलं, हो म्हटलं. खात्यात नेमके किती आहेत ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. वाटलं होतं त्यापेक्षा कमी होते. घराचा हप्ता, मुलाची फी, गावाकडचं काम, सगळं त्यातूनच जातं हे ठाऊक होतं, पण आकडा ठाऊक नव्हता. नोरालाही आपण नेमकं किती फेडलं हे सांगता येत नाही, पहिल्याच अंकात.

स्टाफरूममध्ये वर्गणी दिली, वहीत सही केली. तिसऱ्या तासाला अकरावी होती. मी फळा पुसला, नवीन धडा काढला. दुसऱ्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, ते 'घरकुल' आपल्या लायब्ररीत मिळेल का?"

मी म्हटलं, माहीत नाही, मधल्या सुट्टीत आपण दोघी जाऊन बघू.